जाम नदीचे दोन काठ

२० डिसेंबर २०१५ ची रात्र फुटबॉलवेड्या गोवेकराला विसरू म्हटले तरी विसरता येणार नाही. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची अंतिम लढत होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. साखळी सामन्यांत आमचा संघ पहिला आला होता. उपान्त्य फेरीत दिल्लीकडून पहिला सामना ०-१ असा हरल्यावर दुसऱ्या सामन्यात फातोर्ड्यावरच त्यांना तीन गोल घालून आम्ही अंतिम फेरी गाठली होती. बाकावर झिको बसलेला. आणखी काय हवे? ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१ ने पुढे गेला आणि शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी मला चक्क मिठी मारली. नंतरच्या पाचेक मिनिटांत सगळे संपले. ९० व्या मिनिटाला चेंडू आमच्याच गोलरक्षकाकडून आमच्याच जाळ्यात गेला आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा गोल मारला. २-३. त्याच गृहस्थांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि "सोंपलें रे!" एवढेच म्हणाले.

प्लेऑफ या प्रकाराची गंमत आणि क्रौर्य तेच. दोन-अडीच महिने खेळून मिळवलेले गुण एका बाजूला राहतात आणि दोन-तीन रात्री सगळ्याचा निकाल लावतात. पुढे २०१९ च्या अंतिम सामन्यात मुंबईत बेंगळुरूने ११७ व्या मिनिटाला गोल करून आम्हाला पुन्हा रडवले. २०२० मध्ये साखळीत पहिले येऊन ढाल जिंकली, पण उपान्त्य फेरीत पुन्हा चेन्नईयिन आडवे आले. दोन सामन्यांची बेरीज ५-६! ही सगळी आकडेवारी मला तोंडपाठ आहे. घरातल्यांचे वाढदिवस मात्र लक्षात राहत नाहीत, अशी सौभाग्यवतींची रास्त तक्रार आहे.

या वेडाचा विचार करताना मला नेहमी एक प्रश्न पडत आला. "आम्ही जिंकलो", "आम्ही हरलो" असे मी म्हणतो, त्यातला हा "आम्ही" कोण? मी काही मैदानात उतरत नाही. खेळाडूंपैकी काही परदेशी, उरलेल्यांतलेही अनेक गोव्याबाहेरचे. तरीही छाती धडधडते ती माझी. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी फातोर्ड्यापासून फार दूर, मध्य प्रदेशातल्या एका लहान नदीच्या काठी जाऊन पोचलो. कसा, ते सांगतो.

एका कार्यक्रमासाठी नागपूरहून भोपाळला निघालो होतो. काटोल, नरखेड मागे पडले, खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा दिसत होत्या. समोरच्या बाकावर साठीच्या आसपासचे एक शेतकरी गृहस्थ बसले होते. बोलता बोलता मी गाव विचारले. म्हणाले, "आमी सावरगावचे जी. म्हंजे पांढुर्ण्याचेच म्हना, पन नदीच्या पल्याडचे."

मध्य प्रदेशात शिरता शिरता असे अस्सल वऱ्हाडी मराठी कानावर पडले की बरे वाटते. या "पल्याड"ला त्यांनी दिलेला जोर माझ्या लक्षात आला. मी गोटमारीचा विषय काढला.

"जातो म्हंजे? पोयाच्या करीले घरात बसन का मानूस? लहानपनापासून जातो."

आणि मग पांढुर्णा स्टेशन येईपर्यंत ते बोलत राहिले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती माझ्या ओळखीची होती. फातोर्ड्यावर सामन्याच्या दिवशी दुपारपासून ती दिसते.

*

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधून जाम नदी वाहते. पात्र सोडले तर दोन्ही मिळून एकच गाव वाटावे. हा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख कधी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, दत्तकाचा हक्क नाकारून इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि पुढे हा भाग मध्य प्रांतात गेला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्याला मिळाले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याचे मराठी बोलणारे लोक अशा रीतीने सीमेपलीकडचे झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात गेला. सीमेवर पडलेल्या मराठी माणसाची कथा आपल्या गोव्याला वेगळी सांगायला नको.

सरकारी कागद हिंदीत असले तरी इथले सण मराठीच राहिले. पोळाच घ्या. आपल्याकडे पोळा नाही, आपल्या गोरवांचा पाडवा दिवाळीत येतो. विदर्भात श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा असतो. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे हीच अमावास्या भाद्रपदाची ठरते, म्हणजे एकाच दिवशी, एकाच गावात, एका पंचांगात श्रावण आणि दुसऱ्यात भाद्रपद! पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. गावातली रोगराई, इडापीडा मारबतीबरोबर बाहेर घालवायची, हा त्यामागचा भाव. त्याच दिवशी जाम नदीवर गोटमार होते.

शब्द अगदी सरळ आहे. गोटा म्हणजे दगड आणि मार म्हणजे मार.

गोटमारीचा खेळ असा. पळसाचे एक झाड तोडून आणून नदीच्या पात्राच्या मध्यभागी रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. झाड आणण्याचा आणि रोवण्याचा मान सावरगावचा. चंडीमातेची पूजा होते आणि मग दोन्ही काठांवर लोक जमतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी नदीत उतरून, झाडापर्यंत पोचून ते तोडायचे आणि झेंडा न्यायचा. सावरगावच्या लोकांनी त्यांना पोचू द्यायचे नाही. हत्यार एकच, नदीतला दगड. दोन्ही काठांवरून दगडांचा पाऊस पडत असतो, घरांच्या गच्च्यांवर बायकामुले बघत असतात, ढोल वाजत असतात. झेंडा पांढुर्ण्याच्या हाती लागला की ते जिंकले. नाही लागला तर संध्याकाळी दोन्हीकडची वडीलधारी माणसे आपसात ठरवतात आणि झाड सामोपचाराने काढले जाते. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो.

यामागची कथा सगळ्यांना माहीत असलेली आहे. पांढुर्ण्याच्या एका मुलाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम बसले. तो तिला पळवून नदी ओलांडू लागला तेव्हा सावरगावकरांनी दगड मारायला सुरुवात केली. मुलाला वाचवायला पांढुर्ण्याचे लोक धावले, त्यांनी उलट दगड मारले. दोन्हींकडच्या माऱ्यात ती दोघे नदीतच गेली. आपण काय करून बसलो हे कळल्यावर दोन्ही गावांनी मिळून त्यांना चंडीमातेच्या देवळात नेऊन त्यांचे अंत्यसंस्कार केले आणि त्यांच्या आठवणीत हा खेळ सुरू झाला. दुसरी एक कथा सांगते की भोसल्यांच्या सैनिकांना दगडांच्या लढाईचा सराव करण्यासाठी नदीच्या मधोमध झेंडा लावत आणि त्यातून गोटमार आली. दोन्ही आख्यायिकाच आहेत, त्यांना इतिहासाचा दाखला म्हणून पुढे करता येत नाही. पण गाव स्वतःबद्दल कोणती गोष्ट सांगते यालाही अर्थ असतो. पहिल्या कथेत कोणताच काठ जिंकत नाही. दोघेही हरतात, आणि त्या हरण्याचे स्मरण म्हणून दरवर्षी जिंकण्यासाठी भांडतात.

*

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या गृहस्थांना मी विचारले, "तुम्ही कुठल्या बाजूने हे कसे ठरते?" प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. "ठरते म्हंजे? घर जिकडं, तिकडं."

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात अ‍ॅशबोर्न नावाचे गाव आहे. तिथे दरवर्षी ख्रिस्ती उपवासकाळाच्या तोंडावर, श्रोव्ह मंगळवारी आणि राखेच्या बुधवारी, असे दोन दिवस एक फुटबॉल खेळला जातो. गोल दोन, एकमेकांपासून सुमारे ५ किलोमीटरवर, जुन्या पाणचक्क्यांच्या जागी. खेळाडू किती? सगळे गाव. आणि संघ कसे ठरतात? गावातून हेन्मोर नावाचा ओढा वाहतो. उत्तरेला जन्मलेले ते अपर्ड्स, दक्षिणेला जन्मलेले ते डाउनर्ड्स. चेंडू ओढ्यातून, शेतातून, रस्त्यातून रेटत न्यायचा. दुकानदार त्या दिवशी खिडक्यांवर फळ्या ठोकतात.

जाम आणि हेन्मोर यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही माणसाने दोन्हीकडे एकच युक्ती केली. वाहत्या पाण्याने गाव दुभागले आणि त्या दोन भागांना वर्षातून एकदा समोरासमोर उभे केले. आजचा फुटबॉल हा अशाच गावगर्दीच्या खेळांचा नातू आहे. आपल्या गोव्यात तो १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीबाबांबरोबर शिवोलीला आला, तोवर इंग्लंडमध्ये त्याला नियमांचे कपडे घालून झाले होते. पण मनातला काठ तसाच राहिला. फातोर्ड्यावर नदी नाही, तरी मी एका काठावर बसलेला असतो. प्रेक्षकाचा "आम्ही" हा जन्माने मिळालेला, न निवडलेला काठ आहे. म्हणूनच त्याबद्दल वाद घालता येत नाही, आणि म्हणूनच त्याची हार आपल्याच अंगाला लागते.

पण इथेच एक मोठा फरक आहे आणि त्याच्यावरून डोळे फिरवून पुढे गेलो तर हा लेख अप्रामाणिक होईल. फातोर्ड्यावरून मी हरून घरी येतो. गोटमारीतून माणसे डोके फुटून, डोळा जाऊन घरी येतात, आणि काही येतही नाहीत. दरवर्षी जखमींची संख्या शेकड्यांनी मोजली जाते. १९५५ पासूनचा हिशेब मांडताना वर्तमानपत्रे मृतांचा आकडा डझनाच्या वर सांगतात. १९७८ आणि १९८७ मध्ये जमाव आवरेना म्हणून पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन्ही वेळा माणूस मेला. जमावबंदीचे आदेश निघतात, गोफणीवर बंदी येते, दारूची दुकाने बंद होतात, काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका तयार ठेवल्या जातात, अलीकडे वरून ड्रोन फिरतात. तरी दगड उडायचे ते उडतातच. २००१ मध्ये प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि दगड उचलले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हा सगळा अडाणीपणा आहे. तसे म्हणण्याआधी पुन्हा इंग्लंडात जाऊ. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी फुटबॉलचे एकसारखे नियम ठरवायला जमले. चेंडू हातात घ्यावा की नाही, यावर वाद झालाच. पण तितकाच कडाक्याचा वाद आणखी एका मुद्द्यावर झाला. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारायची परवानगी असावी की नसावी? ब्लॅकहीथ क्लबचे प्रतिनिधी कॅम्पबेल यांचे म्हणणे असे होते की लाथा काढून टाकल्या तर खेळातले धाडस, खेळातला पुरुषार्थच निघून जाईल. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले आणि ब्लॅकहीथ संघटनेतून बाहेर पडला.

गंमत पुढे आहे. १८७१ मध्ये रग्बीची संघटना स्थापन झाली. ब्लॅकहीथ तिच्या संस्थापक क्लबांपैकी एक. आणि त्या रग्बीच्या नियमांतही नडगीवर लाथ मारायला बंदी घालण्यात आली! ज्या हक्कासाठी फारकत घेतली तो हक्क आठ वर्षांत सोडून दिला. कोणी पोलिसाने सांगितले म्हणून नव्हे. दर शनिवारी खेळायचे आणि सोमवारी कचेरीत जायचे, तर पाय शाबूत हवेत, हे खेळणाऱ्यांनाच कळले. खेळातला पुरुषार्थ काही गेला नाही. रग्बी पाहणारा कोणीही ते सांगेल.

सुशिक्षित लंडनकरांनासुद्धा एकेकाळी लाथ म्हणजेच खेळ वाटत होती. मग सावरगावच्या शेतकऱ्याला दगड म्हणजेच खेळ वाटला तर त्याच्याकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार कोणाला?

*

इतक्या दूर जायचीही गरज नाही. मांडवीत आपले दिवाडी बेट आहे. तिथे ऑगस्ट महिन्यात बोंदेरा होतो. पोर्तुगीज भाषेतला झेंड्याचा शब्द बांदेइरा, त्यावरून हे नाव. हकिकत अशी सांगतात की बेटावरच्या दोन गटांत जमिनीच्या हद्दींवरून तंटे होत, रक्तपातापर्यंत जात. मग पोर्तुगीजांनी हद्दीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे रोवून सीमा आखून दिल्या. ज्यांना हद्द मान्य नव्हती ते दगड मारून झेंडे पाडू लागले.

नीट पाहा. पावसाळ्यातले तेच दिवस, तोच रोवलेला झेंडा, तेच दोन गट, तोच दगड. दिवाडीचा बोंदेरा आणि सावरगावची गोटमार या एका घरात वाढलेल्या बहिणी शोभतील.

पण दिवाडीत आज काय होते? मिरवणूक निघते, चित्ररथ असतात, ब्रास बँड वाजतो आणि त्या जुन्या लढाईची नक्कल होते. मुलांच्या हातात फोटाश असतो. बांबूच्या नळीत झाडाची हिरवी फळे भरायची आणि दांड्याने दाबून फट्‌ करून उडवायची. दगडाची जागा फळाने घेतली. लागले तर चटका बसतो, रक्त येत नाही. मूळ तंट्याची आठवण झेंड्याच्या रूपाने शिल्लक आहे आणि बेट सोडून मुंबईला, परदेशाला गेलेली मंडळी त्या दिवसासाठी मुद्दाम फेरीबोटीने दिवाडीला येतात.

मग पांढुर्ण्याला रबरी चेंडू का चालले नाहीत? मला वाटते, फरक चेंडूत आणि फळात नाही, ते कोणी आणून दिले यात आहे. फोटाश बेटावरच्या मुलांनी स्वतः बांबू तोडून केलेला असतो. रबरी चेंडू सरकारी गाडीतून आले. ज्या गावाला आपण दरवर्षी दोन प्रेमिकांच्या मरणाचे ऋण फेडतो असे वाटते, त्याच्या हातात एका सकाळी खेळणे ठेवले तर ते त्याला अपमानासारखे वाटणार. बंदीचा तर आपल्यालाही अनुभव आहे. धिर्यो उच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात बंद केल्या. बैलांच्या नावाने गावेच्या गावे ईर्षेने उभी राहायची. कायद्याने बंद झाल्या, पण भल्या पहाटे, आडरानात त्या अजून होत असल्याच्या बातम्या आपण वाचतोच. काठ मनात शिल्लक असेल तर नुसत्या बंदीने तो बुजत नाही. त्याला वाहायला दुसरी वाट द्यावी लागते, आणि ती वाट त्या माणसांनीच खणावी लागते.

आणि खरे सांगायचे तर गोटमार खेळ होण्यापासून फार लांब नाही. तिला ठरलेला दिवस आहे, ठरलेली जागा आहे. दोन बाजू आहेत. झेंड्याच्या रूपाने उद्दिष्ट आहे. सूर्यास्ताची मुदत आहे, बरोबरी झाली तर सामोपचाराची पद्धत आहे आणि शेवटी दोघांचे एकच देऊळ आहे. अ‍ॅशबोर्नच्या फुटबॉलात याहून जास्त नियम फारसे नाहीत. उणीव एकाच नियमाची आहे. झेंडा हे लक्ष्य असावे, माणूस नसावा. १८६३ मध्ये लंडनला जी भानगड झाली तीसुद्धा एवढ्यासाठीच होती, चेंडूला मारायचे की पायाला.

*

त्या सावरगावच्या गृहस्थांशी झालेले बोलणे अजून पूर्ण सांगितले नाही.

बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "मायी बायको पांढुर्ण्याची. तिचा भाऊ त्या काठावर, मी या काठावर."

"मग?"

"मंग काय! रातच्याले त्याच्या घरी जेवाले जातो."

मी हसलो. मग विचारले, "पण तुमचा दगड त्यालाच लागला तर?"

ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "लागला त लागला. पन त्याले पाहून नाही मारत जी."

पांढुर्णा आले. ते उतरले, फलाटावरून हात केला आणि गर्दीत दिसेनासे झाले. गाडी मुलताईच्या घाटाला लागली तरी ते वाक्य माझ्या कानात होते. त्याले पाहून नाही मारत. म्हणजे मेव्हणा दिसला तर हात थांबतो. दगड सुटतो तो काठावर, "त्यांच्यावर", चेहरा नसलेल्या गर्दीवर. पण गर्दीला डोके नसते हो. दगड शेवटी कुणाच्या तरी मेव्हण्यालाच लागतो.

आणि मग मला फातोर्ड्यावरची माझीच एक गोष्ट आठवली. सामना कुठला, वर्ष कुठले, ते सोडा. प्लेऑफचा सामना होता, आम्ही एका गोलने पुढे होतो आणि थोडी मिनिटे उरली होती. प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत धोकादायक खेळाडू टक्कर होऊन खाली पडला. स्ट्रेचर आले. आणि माझ्या मनात, पापभीरू, पांढरपेशा, दोन नातवंडांच्या आजोबांच्या मनात, स्पष्ट विचार आला की हा आता उठू नये. आजूबाजूला टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तो कोणाचा तरी मुलगा आहे हे मला त्या क्षणी दिसले नाही. मला फक्त त्याच्या अंगावरच्या जर्सीचा रंग दिसत होता.

माझ्या हातात दगड नव्हता, एवढाच माझा मोठेपणा. तो मोठेपणाही माझा नव्हे. मैदानावर पंच होता, रेषा होत्या, दीडशे वर्षे घासून घासून गुळगुळीत झालेले नियम होते. त्यांनी माझ्या मनातला दगड हातात येऊ दिला नाही. कुणीतरी कधीतरी भांडून, बैठका घेऊन, "पुरुषार्थ जाईल" ही भीती बाजूला ठेवून ते नियम केले, म्हणून मी आज निर्धास्तपणे वेडा होऊ शकतो. उठू नये असे ज्याच्याबद्दल वाटले तो खेळाडू पाच मिनिटांत लंगडत परत आला, आणि पुढच्या मोसमात फातोर्ड्यावर पुन्हा खेळला. तो परत आला म्हणूनच मला पुढच्या वर्षीही धडधडायला मिळाले. प्रतिस्पर्धी धडधाकट राहिला तरच खेळ पुढच्या वर्षी होतो, ही गोष्ट कळायला मला साठी गाठावी लागली.

यंदाही श्रावण संपेल. विदर्भात बैल सजतील, दुसऱ्या दिवशी पहाटे जाम नदीत पळसाचे झाड उभे राहील आणि त्यावर झेंडा फडकेल. सावरगावचा एक म्हातारा धोतराचा सोगा खोचून काठावर येईल आणि समोरच्या काठावर त्याचा मेव्हणा उभा असेल. मला त्या दोघांच्या उत्साहाचा हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही. इतक्या जवळून, इतक्या जन्मापासून आपली बाजू असणे हे फातोर्ड्याच्या तिकिटावर मिळत नाही. तो उत्साह संपावा असे मला मुळीच वाटत नाही. एवढेच वाटते, की एखाद्या वर्षी त्या दोन गावांच्या जाणत्यांनी सरकारची वाट न पाहता स्वतःच चंडीमातेच्या देवळात बसावे आणि हातात काय घ्यायचे ते ठरवावे. दिवाडीकरांना ते जमले. सावरगावला आणि पांढुर्ण्याला का जमू नये? ती दोन प्रेमी जिवंत असती तर त्यांनी तरी दुसरे काय मागितले असते?

त्या रात्री जेवणाच्या पंगतीत मेव्हण्याच्या डोक्याला पट्टी नसावी, आणि तरीही "यंदा आमी जिंकलो" म्हणून त्याला चिडवता यावे. आमच्याकडे सामना हरल्यावर शेजारी मला चिडवतात, तसेच.

एफसी गोवाचा पुढचा मोसम येईल तेव्हा मी पुन्हा फातोर्ड्यावर असेन. आता हरलेल्या रात्री मी निघण्याची घाई करीत नाही. समोरच्या स्टँडमध्ये परगावाहून आलेले त्यांचे शे-दोनशे लोक नाचत असतात, त्यांच्याकडे थोडा वेळ पाहतो. चेहरे ओळखीचे नसतात, पण आनंद ओळखीचा असतो. मग घरी येतो. सौभाग्यवती दार उघडतात, माझ्या तोंडाकडे पाहतात आणि न विचारताच पान वाढायला घेतात.